की वर नेली की ड्रॉप बेसूर का होतो? आधी नवा सा लावून बघा

घरी हेडफोनवर सगळं जागेवर असतं. शेवटच्या ड्रॉपला, म्हणजे थांबलेला ताल आणि बेस परत जोरात सुरू होतो त्या जागी, की (गाण्याची पट्टी, म्हणजे त्याचा सा) अर्ध्या स्वरानं वर जाते, अंगावर काटा येतो, तुम्ही खुशीत फाइल पाठवून देता. मग तोच ट्रॅक मिरवणुकीत मोठ्या सिस्टीमवर लागतो आणि जिथं लोकांनी उसळायचं तिथंच गाण्यातला जीव जातो. बेस डुलतो, आवाज घोगरा होतो, नाचणारे पाय मंदावतात. काहीतरी बेसूर आहे हे सगळ्यांना कळतं, काय बेसूर आहे ते कुणाला सांगता येत नाही. सोलापुरात रिमिक्स करणारी पोरं हाच प्रश्न घेऊन दर गणपतीच्या आधी येतात. मी स्वतः यात दोन वर्षं अडकलो होतो, म्हणून जे सापडलं ते सगळं एकदा लिहून ठेवतो.

माझ्या बाबतीत काय झालं ते आधी सांगतो. एका ताईंनी पांढरी चारमध्ये गायलेलं गाणं होतं, म्हणजे एफ. १२८ बीपीएमवर (मिनिटाला १२८ ठोके) बसवलं, मधे हलगी, खाली लांब शेपटीची किक (ड्रमचा जाड ठोका, शेपटी म्हणजे त्याचा मागं रेंगाळणारा सूर), आणि शेवटचा ड्रॉप काळी तीनमध्ये, म्हणजे एफ शार्पमध्ये उचलला. पूर्व भागातल्या माझ्या खोलीत शेजारच्या यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते, त्यामुळं मी हेडफोनवरच काम करतो. हेडफोनवर ट्रॅक झकास होता. विसर्जनाच्या आधी साऊंडवाल्या मामांकडं ट्रायलला नेला. पहिला ड्रॉप दणदणीत गेला. शेवटचा सुरू झाला तसं मामांनी बोट वर केलं. म्हणाले, "हलगी बरोबर आहे, गाणं बरोबर आहे. बेस तेवढा पाण्यात होडी डुलावी तसा डुलतोय बघ की."

मामांना की म्हणजे काय ते माहीत नाही. पण त्यांनी जे ऐकलं तेच खरं होतं. बेसची ओळ मी वर नेली होती, किक मात्र जुन्याच सुरात राहिली होती. किकची शेपटी एफवर, म्हणजे ४३.६५ हर्ट्झवर. नवा बेस एफ शार्पवर, म्हणजे ४६.२५ हर्ट्झवर. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात, इथं सेकंदाला अडीचच्या वर. १२८ बीपीएमला एक ठोका अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित लहान असतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक किकमागं बेस एकदा फुगत होता आणि एकदा बसत होता. लहान हेडफोनवर इतक्या खालचे सूर कळतच नाहीत. मोठ्या बॉक्ससमोर उभं राहिलं की छातीला कळतात.

तर पहिली तपासणी किकची. बदललेल्या ड्रॉपच्या पहिल्या चार बारचा (चार ठोक्यांचा एक बार) लूप लावा, म्हणजे तेवढाच तुकडा फिरता ठेवा, आणि फक्त किक आणि बेस चालू ठेवा. डुलतंय का बघा. किकचा सूर कानानं कळत नसेल, आणि इतक्या खाली तो कुणालाच सहज कळत नाही, तर किकचं सॅम्पल तात्पुरतं दोन सप्तकं वर न्या, म्हणजे चोवीस सेमीटोन (अर्धे स्वर). शेपटी आता चांगली ऐकू येईल. शेजारी पेटी ठेवा आणि पट्टी शोधा. मी अजूनही असंच करतो. ॲनलायझरवरचा आकडा बघण्यापेक्षा पेटीवर पट्टी सापडली की खात्री पटते. सूर सापडला की दोन वाटा आहेत. एकतर की बदलल्यानंतरच्या भागासाठी किकची वेगळी प्रत करून तिला तेवढेच सेमीटोन वर घ्या, नाहीतर त्या भागात शेपटी कापून किक आखूड करा आणि खालची सगळी जागा बेसला द्या. माझं मत विचाराल तर दुसरी वाट चांगली. किकचा सूर बदलला की तिचा ठोसाही थोडा बदलतो आणि नाचणाऱ्याला तो फरक लागतो.

किक सरळ केली आणि तरी खटकतंय, अशी वेळ बऱ्याचदा येते. तेव्हा मी जे करतो ते या लिहिण्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं: नव्या की चा तंबोरा लावा. मोबाइलवर तंबोऱ्याचं कुठलंही ॲप चालेल. गाणं काळी तीनमध्ये गेलं असेल तर तंबोरा काळी तीनला. मग प्रोजेक्टमधला एकेक ट्रॅक, म्हणजे एकेक वाद्य किंवा आवाज, एकटा वाजवून तंबोऱ्यासोबत ऐका. जो ट्रॅक जुन्या घरात राहिला आहे तो लगेच उघडा पडतो. आपल्या कानाला सा धरून बाकीचे सूर मोजायची सवय लहानपणापासून आहे, मग ते भजन असो नाहीतर आरती. ती सवय इथं वापरायची. सगळे ट्रॅक एकदम वाजत असताना दोष शोधायला गेलात तर रात्र जाईल.

असा एकेक ट्रॅक ऐकताना मला आजवर सापडलेला सगळ्यात लबाड चोर म्हणजे ढोलकी. हलगीला ठरावीक सूर नसतो, ती कुठल्याही की मध्ये खपून जाते. म्हणून आपण समजतो की तालवाद्यांना की लागत नाही. ढोलकी मात्र सुरात लावलेली असते. शाईच्या पुडीतून सा बोलतो, आणि लावणीचा ढोलकीवाला गायिकेची पट्टी विचारल्याशिवाय ढोलकी लावत नाही. पेशवाईतले शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, तेव्हा ढोलकीचा हा मान या गावाला नव्यानं सांगायला नको. तरी लूप टाकताना आपण तो विसरतो. गाणं एफ शार्पमध्ये गेलं आणि ढोलकीचा लूप एफमध्येच बोलत राहिला तर प्रत्येक "ता"ला गाण्याच्या पायात काटा रुततो. तुणतुण्याचंही तेच, तिथं तर एकच तार अखंड एकच सूर देत असते. हे दोन्ही लूप गाण्याबरोबर वर न्या, किंवा शेवटच्या ड्रॉपला काढून तिथं हलगी आणि संबळ वाढवा.

दुसरा चोर गाण्यावरचं सूर दुरुस्त करणारं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम. त्याला सुरुवातीला एफ मेजर सांगितलेलं असतं. तुम्ही गाणं वर नेता आणि ते प्लगइन त्या नव्या सुरांना इमानेइतबारे जुन्या घरात ओढत राहतं. एफ मेजर आणि एफ शार्प मेजर या दोन स्केलमध्ये सातपैकी दोनच सूर सारखे आहेत, त्यामुळं जवळजवळ प्रत्येक सूर ओढला जातो आणि ताईंचा आवाज यंत्रातून आल्यासारखा होतो. बदल जिथं होतो तिथं प्लगइनची की ऑटोमेशननं (ठरल्या जागी सेटिंग आपोआप बदलायची सोय) बदला. मींड आणि हरकती असलेल्या गाण्यावर मी तर ते प्लगइन शेवटच्या ड्रॉपला बंदच ठेवतो.

तिसरी गोष्ट शेपट्यांची. ब्रेकडाऊनच्या, म्हणजे ड्रॉपच्या आधीच्या शांत भागाच्या, शेवटच्या ओळीवर मोठा रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) असतो, आणि तो जुन्या की मधला आवाज नव्या ड्रॉपच्या पहिल्या दोन-तीन ठोक्यांवर सांडतो. ड्रॉपच्या आधीचा अर्धा बार रिव्हर्ब आणि डिले दोन्ही झटक्यात बंद करा आणि तिथं शांतता ठेवा. रायझर, म्हणजे ड्रॉपकडं चढत जाणारा आवाज, सुरेल असेल तर तो नव्या सावर जाऊन थांबतो का हेही बघा. नुसता खळखळाटी रायझर असेल तर काळजी नाही.

बाकीच्या चुका घाईतल्या. पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधला सूर लिहायचा तक्ता) सगळं निवडून वर नेलं, पण ऑडिओ क्लिप जागेवरच राहिल्या. किंवा उलट, निवडताना ड्रमचा पॅटर्नही सोबत आला आणि किकच्या जागी क्लॅप वाजू लागला. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मिडी (सुरांच्या नोंदी) नेताना सप्तकाच्या नावानं घोळ होतो: मिडीची ६० नंबरची नोट एफएल स्टुडिओत सी ५ म्हणून दिसते, एबलटनमध्ये तीच सी ३. नाव बघून बेस लिहिला तर तो दोन सप्तकं चुकतो.

आता बेस किती खाली जातो याकडं बघू, कारण सूर बरोबर असूनही ड्रॉप पडतो तो इथं. मिरवणुकीतले बॉक्स साधारणपणे ४० हर्ट्झच्या खाली फारसा जोर देत नाहीत. ई म्हणजे ४१.२, एफ ४३.६५, जी ४९, ए ५५. इथवर ठीक. पण की बदलताना तुम्ही बेसला जवळचा रस्ता म्हणून खाली डीवर नेलंत तर तो ३६.७ हर्ट्झला जातो, सीवर गेलात तर ३२.७ ला. हेडफोनवर वाजतंय असं वाटतं, कारण वरचे उपस्वर ऐकू येतात. मैदानात जमीन सरकल्यासारखी होते. अशा वेळी तो एक सूर वरच्या सप्तकात लिहा, डी ७३.४ हर्ट्झला, आणि त्यावर हलकं सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारा इफेक्ट) द्या, म्हणजे बाकीच्या सुरांइतका भरीव वाटेल. मी ट्रॅक सुरू करायच्या आधीच कागदावर दोन्ही की आणि त्यांचे बेसचे आकडे लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे, पुढच्या दोन रात्री वाचतात.

बेसच्या वर लगेच कॉर्ड ठासू नका, हेही त्यातच आलं. खालच्या सप्तकात सा आणि गंधार जवळजवळ वाजले की नुसता चिखल होतो. खाली फक्त सा, हवा तर पंचम, आणि गंधार मधल्या सप्तकाच्या आसपास. की वर नेल्यावर ड्रॉप "भरला पण कळत नाही" असं कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा कॉर्डचा गंधार खाली राहिलेला असतो.

हे सगळं दुरुस्त केल्यावरही एक तक्रार उरते. बेसूर काही नाही, तरी की चा बदल अंगावर पडल्यासारखा वाटतो, कुणीतरी गाडीचा गिअर खटकन टाकावा तसा. हा दोष मिक्सिंगचा नाही, मांडणीचा आहे. अर्ध्या स्वराची उडी दिसायला लहान, पण दोन की मध्ये समान सूर दोनच. पंचमानं वर गेलात, म्हणजे एफवरून सीला, तर सातपैकी सहा सूर सारखे राहतात. पूर्ण स्वरानं गेलात, एफवरून जीला, तर पाच. म्हणून अर्ध्या स्वराची उडी कानाला सगळ्यात लांबची वाटते. तिला आधी पायरी लागते.

ती पायरी अशी. एफवरून एफ शार्पला जाताना जुना सा हाच नव्या की चा शुद्ध निषाद होतो. हे एकदा पेटीवर वाजवून बघा. पांढरी चार धरून ठेवा आणि खाली सी शार्पची कॉर्ड लावा, म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार. तीच पांढरी चार, पण आता ती सा राहिली नाही, निषाद होऊन वरच्या सासाठी तळमळायला लागली. आता काळी तीनवर जा. बिल्ड-अपच्या, म्हणजे ड्रॉपकडं चढत जाणाऱ्या भागाच्या, शेवटच्या दोन बारमध्ये गाण्याचा किंवा लीडचा (मुख्य धून वाजवणाऱ्या वाद्याचा) जुना सा लांब धरा, खाली सी शार्प कॉर्ड येऊ द्या, अर्धा बार शांतता, आणि ड्रॉप. लोकांना यातलं काही माहीत असायची गरज नाही. निषाद सावर पोचला की पाय आपोआप उचलतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कीबोर्डवरून हात काढून नुसता तेवढाच तुकडा दहा-बारा वेळा ऐकला.

तरीही मला मनापासून सांगायचं आहे की आपल्याकडच्या बऱ्याच गाण्यांना वर उचलायची गरजच नाही. लोकगीतं, भक्तिगीतं, लेझीमच्या चाली यांतल्या पुष्कळ पाच सुरांत फिरतात. भूपासारखे सूर घ्या: सा रे ग प ध. पांढरी चारमध्ये ते एफ, जी, ए, सी, डी होतात. हे पाचही सूर एफ मेजरमध्ये आहेत, सी मेजरमध्ये आहेत आणि बी फ्लॅट मेजरमध्येही आहेत. म्हणजे गाणं तिथंच ठेवून खालची जमीन तीन ठिकाणी हलवता येते. रागसंगीतात मूर्च्छना म्हणतात ती हीच गोष्ट. भूपाचे सूर तसेच ठेवून धैवताला सा माना, धानी होतो. पंचमाला सा माना, दुर्गा. गंधाराला सा माना, मालकंस. सूर एकही बदललेला नसतो, पण गाण्याचा चेहरा पूर्ण बदलतो.

ड्रॉपमध्ये हे असं वापरायचं. पहिला ड्रॉप एफवर, उजळ. ब्रेकडाऊननंतर गाणं तेच, त्याच पट्टीत, पण खाली बेस डीवर आणा, वर सांगितल्याप्रमाणे वरच्या सप्तकात. कॉर्ड डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी. तीच ओळ एकदम गंभीर होते. एक जागा सांभाळा: चौथ्या कॉर्डमध्ये, सीमध्ये, ई हा सूर असतो आणि गाण्याचा एफ लांब धरलेला असेल तर दोघं एकमेकांना घासतात. त्या कॉर्डमधला ई काढून एफ घाला, घासणं थांबतं. मग शेवटचा ड्रॉप परत एफवर आणा, किंवा आणखी उजेड हवा असेल तर सी मेजरमध्ये जा. ताईंचा आवाज एक सेमीटोनही ताणावा लागत नाही. आवाज दोन-तीन सेमीटोन वर ओढला की तो लहान मुलासारखा पातळ होऊ लागतो, फॉर्मंट (गळ्याचा मूळ पोत) सांभाळणारं सॉफ्टवेअर असलं तरी गळ्याची माती थोडी कमी होतेच. ज्या माणसानं जीव ओतून गायलं आहे त्याचा आवाज आहे तसा पोचावा असं मला वाटतं, आणि म्हणूनच मी आता दहातल्या आठ गाण्यांना हीच वाट घेतो.

याच पाच सुरांमुळं एक फसगत होते ती लक्षात ठेवा. की ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला अशा गाण्याचा सा नेमका कुठला ते कळत नाही. एफची चाल ते कधी डी मायनर सांगतं, कधी सी मेजर, कारण सूर सगळीकडं बसतात. त्यावर विश्वास ठेवून कॉर्ड लावल्या तर गाणं बेसूर होत नाही पण अधांतरी राहतं. ओळ कुठं येऊन विसावते ते स्वतः गुणगुणून बघा. तिथंच सा.

शेवटी वाजवणाऱ्याच्या बाजूचं. तुमचा ट्रॅक निर्दोष असून मिरवणुकीत बिघडत असेल तर डीजेला दोन गोष्टी विचारा. की लॉक, काही यंत्रांवर त्याला मास्टर टेम्पो म्हणतात, चालू होता का? तो बंद असताना लेझीमच्या डावासाठी वेग १२८ वरून १३५ च्या पुढं नेला की अख्खं गाणं जवळजवळ एक सेमीटोन वर चढतं. मग तुम्ही नीट मोजून लिहिलेला बेस आणि समोर चालू असलेलं दुसरं गाणं एकमेकांना भिडतात. आणि दुसरं, पुढचं गाणं त्यानं कुठल्या की वर जुळवलं? त्याच्या यादीत तुमच्या ट्रॅकची सुरुवातीची की असते, तुमचा ट्रॅक संपतो दुसऱ्याच की मध्ये. मी फाइलच्या नावातच दोन्ही लिहितो: पांढरी चार ते काळी तीन, १२८. ज्याला इंग्रजी अक्षरं सोयीची त्यानं ती लिहावी.

एक विचित्र अनुभवही सांगतो, कारण यात माझा आठवडा गेला होता. जीमधला एक ट्रॅक एका ठिकाणी सतत संथ लयीत डुलत होता, किक आणि बेस अगदी सुरात असूनही. बेस बंद केला तेव्हा मागं विजेची गुणगुण ऐकू आली. आपली वीज ५० हर्ट्झची आणि खालचा जी ४९ हर्ट्झचा, फरक एका हर्ट्झचा, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. अर्थिंगची वायर नीट बसवल्यावर गुणगुण गेली आणि डुलणंही गेलं. तेव्हापासून जी आणि जी शार्पमधला ट्रॅक डुलतो अशी तक्रार आली की प्रोजेक्ट उघडायच्या आधी मी मामांना फोन करतो आणि गाणं बंद ठेवून सिस्टीम नुसती चालू करायला सांगतो.